लाळेरे केव्हा सोडावे?

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)





वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाचा प्रशासक बोलावयास उभा राहिला की तो आता जमाखर्च मांडणार, असे आपण गृहीत धरता, आणि ते रास्तच आहे. तो जमाखर्च लेखापरीक्षकांच्या सहीनिशी अहवालात छापला जात आहे. आज मात्र आमच्या वह्यांतील एका अगदी लहान नोंदीविषयी आपल्याशी बोलावे असे आम्ही योजिले आहे. वस्तुरूप देणग्यांच्या वहीत ‘लाळेरी’ ही नोंद दरवर्षी न चुकता येते. गावातील भगिनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची लाळेरी शिवून देतात. बाळंतीण घरी जावयास निघाली की झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्याबरोबर ती लाळेरीही तिच्या बाळंतविड्यात जातात. या भगिनींचे ऋण आम्ही प्रथमच व्यक्त करतो.

लाळेरे बाळाच्या गळ्यात केव्हा बांधावे, हे कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही. ते केव्हा सोडावे, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही. एवढ्याशा वस्त्राचा विचार तो काय करावयाचा, असे कोणास वाटेल. परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर काही मुलांची मोलाची वर्षे अवलंबून असतात, असे रुग्णालयात वावरताना आमच्या ध्यानी आले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकाचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. पुढे जे सांगणार आहोत ते बालरोगतज्ज्ञांकडून ऐकलेले आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांतून वाचलेले आहे. आमचे म्हणून त्यात काही असेल तर ती नोंदी वाचण्याची सवय, एवढेच.

प्रथम लाळेविषयी. प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आपण नकळत गिळत असतो, म्हणून तिचे अस्तित्व आपल्याला जाणवत नाही. बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की त्याच्या लाळग्रंथी जोमाने काम करू लागतात. पण ओठ मिटून, जीभ मागे नेऊन लाळ वेळच्या वेळी गिळण्याची कला त्याला अद्याप साधलेली नसते. म्हणून लाळ गळते. पुढे सहाव्या महिन्याच्या आसपास दात येऊ लागतात आणि सारा दोष दातांवर जातो. वस्तुतः बाळाला लाळ जास्त होते असे नाही, ती गिळण्याचे शिक्षण चालू असते. मान सावरणे, बसणे, चघळणे, चावणे या क्रमाने तोंडाचे स्नायू बळकट होत जातात आणि दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांची जागेपणी गळणारी लाळ थांबते. एखादे मूल खेळात गुंग झाले की त्यानंतरही क्वचित लाळ गाळते. त्यात चिंतेचे कारण नसते.

आपल्याकडे एक जुना समज आहे. गरोदरपणी आईचे डोहाळे पुरविले गेले नाहीत, तर मुलाची लाळ गळते असे म्हणतात. डोहाळे अवश्य पुरवावेत, ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुलाच्या लाळेचा त्यांच्याशी काही संबंध नाही. या समजापायी दोन अन्याय होतात. लाळ गळणाऱ्या मुलाच्या आईला उगाच टोमणे ऐकावे लागतात, आणि कारण आधीच सापडले असे वाटल्याने खऱ्या कारणाचा शोध कोणी घेत नाही. यांतील दुसरा अन्याय अधिक महाग पडतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. घरात लाळेरे एकच असले तरी त्याची कामे दोन आहेत. एक लाळ टिपण्याचे, दुसरे जेवताना कपडे राखण्याचे. ही दोन्ही कामे एकाच वेळी संपत नाहीत. लाळेसाठी दिवसभर बांधलेले लाळेरे प्रथम सुटावे, आणि ते दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, लाळ थांबेल तसे सुटावे. आपल्या कोकणात तर हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि दमट लाळेरे तसेच गळ्यात राहते. हनुवटीखाली आणि मानेच्या वळ्यांत त्यामुळे पुरळ उठते, क्वचित बुरशीचा संसर्गही होतो. ओले झालेले लाळेरे लगेच बदलावे, मान कोरडी करावी, आणि आतून प्लास्टिक असलेले लाळेरे दिवसभर बांधू नये. आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो. बाळ झोपी जाण्यापूर्वी लाळेरे काढलेच पाहिजे. झोपेत त्याची नाडी गळ्याभोवती आवळली जाण्याचा किंवा कापड नाकातोंडावर येण्याचा धोका असतो. ही खबरदारी घ्यावयास पैसा लागत नाही.

आता जेवणाच्या लाळेऱ्याकडे येऊ. बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर आईच्या दुधाबरोबर वरचा आहार सुरू करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आपल्या उष्टावणाच्या संस्काराशी सहज जुळणारी आहे. उष्टावणाच्या दिवशी नवे लाळेरे बांधून मामाच्या हातून बाळाला पहिला घास भरविला जातो. तेथून पुढचा प्रवास दुसऱ्याच्या हाताकडून स्वतःच्या हाताकडे व्हावयाचा असतो. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ बोटांनी उचलून खाता येतील असे मऊ पदार्थ खाऊ लागते. वर्षाचे होईतो घरातील इतरांचेच अन्न, तिखट कमी करून आणि मऊ करून, त्याला चालते. दीड वर्षाच्या सुमारास ते चमच्याशी झटापट करते आणि पेल्याने पिताना अर्धे सांडते. दोन वर्षांचे मूल चमच्याने खाते, सांडतेही. तीन वर्षांचे मूल बरेचसे आपले आपण जेवते. हे टप्पे म्हणजे एस.टी.चे वेळापत्रक नव्हे. एखादे मूल दोन महिने पुढे, एखादे चार महिने मागे. मात्र दिशा तीच असावी.

या प्रवासात लाळेरे एखाद्या वहीसारखे असते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या लाळेऱ्यावर नाचणीची खीर, मऊ भात, वरण यांचे डाग दिसले तर समजावे की हात कामाला लागला आहे. याउलट दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे लाळेरे रोज स्वच्छच राहत असेल, तर त्या स्वच्छतेचे कौतुक करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: घास कोणाच्या हाताने जातो आहे? आई किंवा आजी भरवीत असेल तर लाळेरे स्वच्छच राहणार. पण त्या हिशेबात मुलाच्या हाताच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला घरोघरी माणसे जमतात, तेव्हा चार-पाच वर्षांची मुले गळ्यात लाळेरे बांधून मोबाइलच्या पडद्यासमोर बसलेली आणि घरातील मोठे माणूस त्यांना भरविताना दिसते. पोट भरते, हे खरे. पण भूक केव्हा लागली, पोट केव्हा भरले, चव कशी आहे, यांपैकी कशाचीच दखल मूल घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावी. त्याच संघटनेने २०२३ मध्ये वरच्या आहाराविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत मुलाच्या भुकेचे आणि तृप्तीचे संकेत ओळखून, त्याला स्वतः खाण्यास उत्तेजन देत जेवू घालावे, असा आग्रह आहे.

यावर घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हास ठाऊक आहे. अन्न म्हणजे परब्रह्म मानणारी आपली संस्कृती. ते जमिनीवर सांडू कसे द्यावयाचे? आक्षेप योग्य आहे आणि त्याला उपायही सोपा आहे. मुलाच्या वाटीत एका वेळी दोनच घास वाढावेत, संपले की पुन्हा वाढावेत. खाली जुने धुतलेले कापड अंथरावे. मुलाला सर्वांच्या पंगतीत, मांडी घालून किंवा पाठीला आधार देऊन बसवावे आणि मोठ्यांपैकी एकाने शेजारी बसावे. तरीही जे दोन शिते खाली पडतील ती आम्ही खर्चाच्या बाजूला मांडीत नाही, गुंतवणुकीच्या बाजूला मांडतो. केवळ एक सावधगिरी हवी. शेंगदाणे, काजू, खोबऱ्याचे तुकडे, फणसाची आठळी असे पदार्थ लहान मुलांच्या घशात अडकतात. ते अख्खे देऊ नयेत, आणि मासळी काटा काढूनच वाढावी.

मग जेवणाचे लाळेरे प्रत्यक्ष सोडावे कसे? दोन-अडीच वर्षांचे मूल पुष्कळदा ते स्वतःच ओढून काढते. तो हट्ट समजू नये, ती मागणी समजावी. सुरुवात कोरड्या जेवणापासून करावी. घावणे, भाकरी, चपाती यांना लाळेरे नको. पेज, आमटी, सोलकढी यांना आणखी काही दिवस असू द्यावे. कपड्यांची काळजी वाटत असेल तर जेवताना जुना सदरा घालावा. लाळेऱ्याची जागा हळूहळू एका लहान रुमालाने घ्यावी आणि तो मुलाच्या स्वतःच्या हाती असावा. तोंड पुसणे, हात धुणे, आपली वाटी मोरीपर्यंत नेऊन ठेवणे, ही कामे तीन वर्षांचे मूल मोठ्या अभिमानाने करते. तीन वर्षे पूर्ण झाली की अंगणवाडीत इतर मुलांच्या ओळीत बसून ताजा, गरम आहार त्याला घ्यावयाचा असतो. तेथे सर्वांच्या गळ्यात लाळेरे नसते आणि भरवावयास आजीही नसते. म्हणून अंगणवाडीत पाऊल टाकण्यापूर्वी, अडीच ते तीन वर्षांच्या दरम्यान, जेवणाचे लाळेरे सुटलेले बरे.

मुलाने आपले काम आपल्या हाताने करावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. गोरगरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांना त्यांच्याच अंगणात शिकविताना, स्वच्छता राखण्यापासूनची साधी कामे मुलांच्या स्वतःच्या हातून करवून घेणे हाही त्यांनी शिक्षणाचाच भाग मानला. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द आणि विचार त्याच कार्यातून पुढे आला. आमच्या घरातील वाटी-चमच्याला त्या विचाराचा वारसा आहे, याचे स्मरण ठेवावे.

आता आमच्या बोलण्याचा मुख्य भाग. चार वर्षे उलटूनही मुलाची जागेपणी सतत लाळ गळत असेल, तर मोठे लाळेरे शिवू नये. मुलाला डॉक्टरांकडे आणावे. लाळेरे लाळ टिपते, कारण टिपत नाही.

नाव-गाव न सांगता दोन मुलांविषयी सांगतो. एक मुलगा साडेचार वर्षांचा. गड नदीपलीकडून त्याची आजी त्याला वारंवार होणाऱ्या सर्दीसाठी घेऊन येत असे. गळ्यातील लाळेरे सुरेख, भरतकाम केलेले, आणि नेहमी ओले. आजी म्हणाली, “झील वाईच उशिरान शिकतलो.” डॉक्टरांनी सर्दीआधी लाळेऱ्याविषयी विचारले. मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, हे तेव्हा पुढे आले. नाकाच्या मागील बाजूस वाढलेल्या ग्रंथींमुळे त्याला नाकाने श्वास घेता येत नव्हता. तोंड मिटत नव्हते म्हणून लाळ गिळली जात नव्हती. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे उपचार झाले आणि काही महिन्यांत लाळेरी कपाटात गेली.

दुसरी एक मुलगी. तिची लाळ गळे, घास तोंडातून बाहेर येई, आणि एक हात थोडा ताठ असे. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे येणारा स्नायूंवरील ताब्याचा अभाव, असल्याचे निदान झाले. घरच्यांनी तिला अतिशय प्रेमाने सांभाळले होते. दिवसातून दहा वेळा लाळेरे बदलले होते. परंतु व्यायामोपचार आणि गिळण्या-बोलण्याचे उपचार जितक्या लवकर सुरू होतात तितके ते अधिक गुण देतात, आणि त्या मुलीची पहिली काही वर्षे लाळेरी धुण्यात गेली होती.

या दोन मुलांमध्ये कारणे भिन्न आहेत, खूण मात्र एकच होती. त्याशिवाय किडलेले दात, तोंडाच्या स्नायूंचा सैलपणा, बौद्धिक वाढीतील विलंब, फिट्सवरील काही औषधे, अशीही कारणे असतात. लाळेबरोबर इतर विलंब दिसत असेल, म्हणजे मूल दीड वर्षापर्यंत चालत नसेल, शब्द उच्चारीत नसेल, घास वारंवार घशात अडकत असेल, तर चार वर्षांचीही वाट पाहू नये. आणि एक प्रसंग तर तासाभराचीही वाट पाहण्यासारखा नसतो. आतापर्यंत ठीक असलेल्या मुलाची लाळ अचानक गळू लागली, त्याला गिळता येईना, श्वास घेताना त्रास होऊ लागला किंवा जोराचा ताप आला, तर घशात नाणे, काटा किंवा खेळण्यातील बटणासारखी बॅटरी अडकली असण्याची अथवा घशाला गंभीर सूज असण्याची शक्यता असते. अशा वेळी घशात बोट घालू नये, केळे किंवा भाताचा गोळा गिळावयास देऊ नये. तडक रुग्णालय गाठावे.

अशा मुलांसाठी शासनाची व्यवस्थाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. बोर्डी आणि कोसबाड ज्या परिसरात आहेत तोच हा परिसर. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात विनामूल्य होते. तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे अशी योजना आहे, आणि वाढीतील विलंब आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मुलाला पाठविले जाते. सेरेब्रल पाल्सीचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये असल्याने प्रमाणपत्र आणि त्यानुसार मिळणाऱ्या सवलतींचा मार्गही मोकळा आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि त्याची लाळ गळते हे लाजून लपवू नये, एवढीच पालकांस विनंती.

काही मुलांचे लाळेरे उपचारांनंतरही पूर्णपणे सुटत नाही. त्यांच्याविषयी दोन शब्द. दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात बदके-सशांची चित्रे असलेले लाळेरे बांधले की पाहणारा त्याला तान्हे बाळ समजूनच बोलतो. त्याला त्याच्या वयाला शोभेल असा, गळ्याभोवती गुंडाळावयाचा सुती रुमाल द्यावा. हाच विचार पक्षाघात झालेल्या आमच्या वृद्ध रुग्णांनाही लागू आहे. जेवताना त्यांच्या छातीवर स्वच्छ पंचा ठेवावा, आणि त्याला लाळेरे म्हणू नये. ज्या हातांनी संसार उभे केले त्यांना घास भरविताना एवढा मान राखणे आपले कर्तव्य आहे.

आता देणगीदारांस विनंती. लाळेरी शिवून देणाऱ्या भगिनींनी आपले काम अवश्य चालू ठेवावे. मात्र आमची अशी इच्छा आहे की यापुढे प्रत्येक बाळंतविड्यात लाळेऱ्यांबरोबर एक लहान स्टीलची वाटी, एक आखूड दांड्याचा चमचा, आणि आज सांगितलेल्या गोष्टी मोठ्या अक्षरांत छापलेले एक कार्ड असावे. कार्डावर तीनच ओळी पुरेत: लाळेचे लाळेरे दीड ते दोन वर्षांत सोडा, जेवणाचे लाळेरे अंगणवाडीपूर्वी सोडा, चार वर्षांनंतरही जागेपणी लाळ गळत असेल तर मुलाला दाखवा. त्याचबरोबर, तपासणीसाठी ज्या मुलांना ओरोसला किंवा त्याहून दूर वारंवार न्यावे लागते त्यांच्या प्रवासखर्चासाठी एक स्वतंत्र निधी उभारावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. उपचार विनामूल्य असले तरी मजुरी बुडवून मुलाला कडेवर घेऊन गाडी बदलत जाणे आईला विनामूल्य पडत नाही. उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुधा याच कारणाने.

आपण वाटी द्या, चमचा द्या, एका मुलाचे जाण्या-येण्याचे भाडे द्या. जे द्याल त्याची नोंद आमच्या वहीत होईल आणि पावती आपल्या हाती पडेल. ज्या मुलाच्या गळ्यातील लाळेरे वेळेवर सुटेल, त्याची पावती मात्र आम्हास देता येणार नाही. ती त्याच्या घरच्या पंगतीत आपल्याला पाहावयास मिळेल.